चौरस मीटरभर सारस

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस येतात. अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, तिकडे देवरीपर्यंत गावोगावी नाटकं लागतात आणि त्यांचे कागद पानठेल्यावर, बसथांब्यावर, दिसेल त्या भिंतीवर चिकटतात. सायकलवरून जाणारा माणूस पायडल न थांबवता तो कागद वाचून पुढे जातो. नाटकाचं नाव, मंडळाचं नाव, गाव, तारीख, तिकीट एवढंच त्यावर असतं. कथा कुणी छापत नाही, कारण कथेसाठी रात्रभर मंडपात बसायचंच असतं. कागदाचं काम माणसाला मंडपापर्यंत आणण्याचं, आणि ते काम तो चोख करतो.

याच गोंदिया जिल्ह्यातले विद्यार्थी संशोधन परिषदेला जातात तेव्हा मात्र अख्खी कथा छापून नेतात. प्रस्तावना, उद्दिष्टं, पूर्वसंशोधनाचा आढावा, पद्धती, निष्कर्ष, आभार असं सगळं पंधरा-सोळा पॉइंटच्या अक्षरात. वीस पानांचा प्रबंध आकसून भिंतीवर टांगलेला. बघणारा येतो, दोन पावलं मागे सरतो, मान हलवतो आणि पुढच्या पोस्टरकडे वळतो. विद्यार्थ्याला वाटतं, आपला विषयच कुणाला रुचला नाही. विषयापर्यंत कुणी पोचलेलंच नसतं.

परिषदांमध्ये पोस्टर आलं त्याला फार काळ झालेला नाही. १९६९ साली माद्रिदमध्ये युरोपातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांचं संमेलन भरलं, तिथे आंतरराष्ट्रीय पातळीवर हा प्रकार पहिल्यांदा सुरू झाल्याचं मानतात. अमेरिकेत तो १९७४ साली मिनियापोलिसच्या संमेलनात पोचला. कारण अगदी व्यवहारी होतं. बोलणारे वाढले आणि सभागृहं व तास पुरेनात. मग प्रत्येकाला भिंतीचा एक तुकडा द्यायचा आणि ज्याला रस असेल त्याने तिथे जाऊन बोलायचं, असं ठरलं. पोस्टरचा जन्म असा गप्पांसाठी झाला आहे. ही गोष्ट ध्यानात राहिली तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

महाराष्ट्रात बहुतेक विद्यार्थ्यांची पोस्टरशी पहिली गाठ पडते ती ‘आविष्कार’मध्ये. राज्यातल्या विद्यापीठांचा हा संशोधन महोत्सव २००६-०७ पासून भरतो. पदवीच्या विद्यार्थ्यांपासून संशोधक-शिक्षकांपर्यंत सगळे त्यात असतात, आणि मानव्यविद्या, वाणिज्य, शुद्ध विज्ञान, शेती, अभियांत्रिकी, औषधशास्त्र अशा गटांत तो वाटलेला असतो. गोंदियातली महाविद्यालयं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली, म्हणून इथली मुलं खालच्या फेऱ्या पार करत नागपूरला जातात. याच विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन भरवलं, तेव्हा कित्येकांना देशभरातली पोस्टरं घराजवळच पाहायला मिळाली.

‘आविष्कार’चं पोस्टर सहसा १ मीटर बाय १ मीटर असतं. बाहेरच्या परिषदांमध्ये ए-शून्य आकार चालतो, म्हणजे ८४१ मिलिमीटर रुंद आणि १,१८९ मिलिमीटर उंच. गंमत अशी की ए-शून्याचं क्षेत्रफळही एक चौरस मीटरच भरतं. कागदाच्या आकारांची ही मालिका तिथूनच मोजत आणलेली आहे. जागा तेवढीच, ठेवण वेगळी. आणि घोटाळा होतो तो इथेच. सीनियरकडून मिळालेला ए-शून्याचा साचा घ्यायचा आणि माउसने ओढून चौकोनी करायचा. मग वर्तुळाकार आलेख अंडाकृती होतात आणि सडपातळ सारस कोंबडीसारखा बसकट दिसू लागतो. म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक आधी वाचावं, फाइलचं माप पहिल्या मिनिटाला तेवढंच धरावं, आणि शब्द लिहायला त्यानंतर घ्यावेत.

सारसाचं नाव आलंच आहे, तर उदाहरणही त्याचंच घेऊ. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर गोंदियाला यावं लागतं. शेजारच्या भंडाऱ्यात तो थोडाफार आहे आणि बाघ नदीपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आहे. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सगळ्यांत उंच असलेला हा पक्षी माणसाएवढा उभा राहतो, जोडीने राहतो आणि पावसाळ्यात थेट धानाच्या बांधीत घरटं करतो. अंडी सहसा दोन. परसवाडा, झिलमिली यांसारखे तलाव त्याचे नेहमीचे. उन्हाळ्याच्या शेवटी, तलाव आटत आलेले असताना, ‘सेवा’ ही इथली संस्था, वन विभाग आणि गावकरी मिळून पहाटे एकाच वेळी ठिकठिकाणी सारस मोजतात. जिल्ह्यातला आकडा दोन अंकी आणि तोही लहानच. प्रश्न इतका गंभीर झाला की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली.

समजा, आमगावच्या एखाद्या महाविद्यालयातल्या मुलीने दोन पावसाळे या पक्ष्यामागे घालवले. तिच्याकडे वह्या भरून नोंदी आहेत. घरटी कुठल्या बांधीत, पाण्याची खोली किती, वीजतारा किती अंतरावर, कुठला शेतकरी रोवणी करताना घरट्याभोवती जागा सोडतो आणि कुठला सोडत नाही. आता तिला चौरस मीटरभर जागा मिळाली आहे. तिने काय करावं?

संगणक बंद ठेवावा आणि घरी आईला एका वाक्यात सांगावं की दोन वर्षांत काय कळलं. ‘सारसाच्या अधिवासाचा अभ्यास केला’ हे वाक्य इथे चालत नाही, कारण ती नुसती कामाची हजेरी झाली. ‘शेतकऱ्याला घरटं रोवणीआधी दाखवून दिलं, तिथे ते बहुतेक टिकलं’ हे कळणं झालं. (हे वाक्य मी उदाहरणापुरतं रचलेलं आहे, निष्कर्ष तिचा तिनेच काढावा.) असं वाक्य हाती आलं की प्रत्येक चित्राला आणि प्रत्येक परिच्छेदाला एकच प्रश्न विचारायचा: तू या वाक्याच्या उपयोगाचा आहेस का? पाण्याच्या आम्लतेचे बारा आकडे आणि तलावातल्या वनस्पतींची यादी कष्टाने गोळा केलेली असते, ती काढताना जीव तुटतो. ती फाइलमध्ये बरोबर न्यावी. परीक्षकाने विचारलं तर काढून दाखवता येते, आणि ते भिंतीवर टांगण्यापेक्षा जास्त छाप पाडतं.

शीर्षकही त्याच वाक्यातून निघावं. ‘गोंदिया जिल्ह्यातील सारस पक्ष्यांच्या प्रजनन अधिवासाचा चिकित्सक अभ्यास’ हे प्रबंधाच्या पुठ्ठ्यावर शोभतं. पोस्टरवर ‘धानाच्या बांधीत सारसाचं घरटं: कुठे टिकतं, कुठे मोडतं?’ असं काही हवं. आणि शुद्धलेखन डोळ्यांत तेल घालून तपासावं. मोठ्या ठळक अक्षरांत ‘सारस पक्षांची गणना’ असं छापलेलं पोस्टर मी पाहिलं आहे. एक ‘य’ निसटला आणि पक्ष्यांचे पक्ष झाले. दिवसभर येणारा प्रत्येक जण त्या मुलाला विचारत होता की आघाडी कुणाची.

चूक पुष्कळदा विद्यार्थ्याची नसते, ती फ्लेक्सच्या दुकानात जन्मते. घरी मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर आपण युनिकोडमध्ये लिहितो. दुकानातला डिझायनर वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये काम करत आलेला असतो. आपला मजकूर त्याच्या पडद्यावर गेला की रफार उडतो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. मग तो बिचारा रात्री अकरा वाजता समोर बघून पुन्हा टाइप करतो, आणि आपण सकाळच्या गाडीच्या घाईत न वाचता गुंडाळी उचलतो. यावरचा उपाय साधा आहे. पोस्टर स्वतः बनवून पीडीएफ न्यावं. दुकानातच करून घ्यायचं असेल तर अक्षरं ‘कर्व्ह’ करून घ्यावीत, म्हणजे ती चित्रासारखी गोठतात, आणि छपाईआधी त्याच पीडीएफची ए-चार प्रत काढून बोट ठेवून वाचावी. वाचणारा दुसरा असेल तर फार बरं. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत.

देवनागरीचे स्वतःचे काही हट्ट आहेत. इंग्रजी पोस्टरचे सल्ले उचलून ते भागत नाहीत. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे मथळा उठून दिसायला आकार आणि वजन एवढीच हत्यारं उरतात. वजन वाढवलं तर काना-मात्रा-अनुस्वार एकमेकांत चिकटतात, म्हणून परिच्छेदच्या परिच्छेद ठळक करू नयेत. मथळा ताणून रुंद दिसावा म्हणून डिझायनर दोन अक्षरांमधली जागा वाढवतो. इंग्रजीत ते खपतं, मराठीत शिरोरेषाच तुटते आणि शब्द कपड्याच्या वळणीवरून घसरल्यासारखा दिसतो. अधोरेखन तर नकोच. वर शिरोरेषा, खाली रेघ, मध्ये शब्द कोंडलेला, आणि त्या रेघेने उकार कापलेला. ओळींमध्ये अंतरही इंग्रजीपेक्षा जास्त सोडावं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आपटतात. गोंदिया सीमेवरचा जिल्हा असल्याने इथे आणखी एक प्रकार घडतो. फॉन्ट हिंदी वळणाचा लागला की ‘ल’ आणि ‘श’ परके दिसतात. ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट मिळतात. मुक्ता मजकुराला चांगला, बालू मथळ्याला.

आकाराचं म्हणाल तर मीटरभर रुंदीला मथळा शंभर पॉइंटच्या आसपास ठेवावा. एका ओळीत साधारण पस्तीस-चाळीस अक्षरं बसतात, म्हणजे दोन ओळींत मथळा आटोपायला हवा. उपमथळे पन्नास, मजकूर तीस, चित्राखालच्या ओळी चोविसाच्या खाली नकोत. मजकूर तीन उभ्या रकान्यांत सोडला तर एका ओळीत आठ-नऊ शब्द येतात आणि डोळा ओळ चुकत नाही. एवढ्या मापात सगळे मिळून चारशे-पाचशे शब्दच मावतात. ते कमी वाटत असतील तर छापण्याआधी पोस्टर पडद्यावर पूर्ण दिसेल असं लहान करा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा आणि काय वाचता येतं ते बघा.

आता आकड्यांकडे वळू. सारसासारख्या विषयात इथेच खरी परीक्षा असते. संख्या लहान असली की टक्केवारी खोटं बोलते. चार पक्ष्यांचे सहा झाले तर ‘पन्नास टक्के वाढ’ असं लिहिता येतं आणि आलेखात रेघ आकाशाला भिडवता येते. प्रत्यक्षात एक जोडी नदीपलीकडून आलेली असू शकते. म्हणून लहान संख्या असतील तर टक्के न लिहिता पक्षीच दाखवावेत, एका पक्ष्याला एक ठिपका. स्तंभ काढले तर त्यांचा पाया शून्यावर हवा. त्याहून महत्त्वाची गोष्ट पोस्टरांवर क्वचित दिसते: प्रत्येक वर्षाच्या स्तंभाखाली त्या वर्षी किती ठिकाणी मोजलं ते लिहिणं. एका वर्षी दहा तलाव पाहिले आणि पुढच्या वर्षी तीस, तर पक्षी वाढले की बघणारे वाढले? चांगला परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो. गणना सगळीकडे एकाच पहाटे का करतात तेही एका ओळीत सांगून टाकावं. सारस एका तलावावरून दुसऱ्यावर जातो, वेगवेगळ्या दिवशी मोजलं तर तोच पक्षी दोनदा वहीत येतो.

नकाशाच्या बाबतीत मला दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की बहुतेक नकाशे जिल्ह्याच्या हद्दीवर कापलेले असतात. आठ तालुके रंगवले, भोवती पांढरं. सारसाला बाघ नदी ही हद्द वाटत नाही. अलीकडच्या बांधीत घरटं आणि पलीकडे चरायला, असं चालू असतं. बालाघाटची किनार नकाशात आलीच पाहिजे, मग तिथली आकडेवारी आपल्याकडे नसली तरी चालेल.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. अचूकपणाच्या हौसेपायी विद्यार्थी घरट्यांची जागा अक्षांश-रेखांशासकट छापतात. सभागृहात शंभर मोबाइल त्या नकाशाचे फोटो घेतात आणि पुढच्या रविवारी बांधावर कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते. पक्षी घरट्यावरून उठतो, कावळ्याला संधी मिळते. मोजक्या जोड्यांच्या पक्ष्याबाबत हे परवडणारं नाही. पोस्टरवर तालुका किंवा दहा किलोमीटरचे चौकोन दाखवावेत, घरट्याचं ठिकाण वन विभागाकडच्या अहवालात राहू द्यावं. परीक्षकाने ‘अचूक स्थान का दिलं नाही?’ असं विचारलं तर हेच उत्तर द्यावं.

फोटो एकच, पण मोठा. तीस सेंटिमीटर रुंद छापायचा तर त्याची रुंदी निदान अठराशे पिक्सेल हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोतून पुष्कळ तपशील वाटेतच गळालेला असतो. मोबाइलवर तो छान दिसतो, फ्लेक्सवर सारसाच्या लाल मानेचे चौकोन होतात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी आणि ज्याने काढला त्याचं नाव फोटोखाली द्यावं. घरट्याजवळ जाऊन काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी लावू नये. तो पाहून पुढचा विद्यार्थी तसाच जवळ जाईल. मजकुरामागे तलावाचा फिका फोटो पसरायची फॅशन आहे, ती माझ्या मते बंद व्हावी. त्यावरचं एकही अक्षर नीट वाचता येत नाही. लाल आणि हिरवा शेजारी ठेवून तुलनाही करू नये. काही जणांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, आणि परीक्षक त्यांपैकी असू शकतो.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्रात डॉक्टरेट करणाऱ्या माइक मॉरिसनने एक छोटी चित्रफीत काढली आणि पोस्टरजगात खळबळ उडाली. त्याचं म्हणणं असं की पोस्टरच्या मधोमध मुख्य निष्कर्ष एका साध्या वाक्यात, भल्यामोठ्या अक्षरांत लिहा. डावीकडे अरुंद पट्टीत थोडक्यात काम मांडा, उजवीकडच्या पट्टीत चर्चेला लागतील ती चित्रं आणि तक्ते ठेवा, आणि पूर्ण लेखासाठी क्यूआर कोड द्या. दालनातून चालत जाणाऱ्याला प्रत्येक पोस्टरवरून निदान एक वाक्य मिळावं, हा हेतू. झाडीपट्टीतल्या नाटकाच्या कागदावर वाढलेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही. मला ही मांडणी आवडते, पण एक भीती आहे. दोन पावसाळे आणि मूठभर घरटी एवढ्याच नोंदींवर आधारलेलं वाक्य दीडशे पॉइंटमध्ये आलं की ते कायद्यासारखं वाटू लागतं. तसं करायचं तर त्याच वाक्याखाली, त्याच ठसठशीतपणे, किती घरट्यांवरून हे म्हणतोय ते लिहावं. क्यूआर कोड निदान पाच सेंटिमीटरचा हवा, आणि छापलेल्या प्रतीवर स्वतःच्या मोबाइलने तपासून बघायला हवा. सभागृहात रेंज नसतेच, तेव्हा चार झेरॉक्स प्रती पिशवीत असू द्याव्यात.

पोस्टरशेजारी उभं राहणं हेही कौशल्याचं काम आहे. नवखा विद्यार्थी पोस्टरच्या मधोमध उभा राहतो आणि ते झाकून टाकतो. बाजूला उभं राहावं. कुणी आलं की लगेच पाठ केलेलं म्हणू नये, आधी त्याला वाचू द्यावं. मग दोन मिनिटांत सांगून संपवावं. वाचून दाखवू नये, आलेखाकडे हात करावा. इथल्या मुलांना भाषेची धास्ती असते. घरी पोवारी किंवा झाडीबोली, बाजारात हिंदी, वर्गात मराठी आणि परीक्षक इंग्रजीत विचारतो. माझा अनुभव असा आहे की ‘सर, मराठीत सांगते’ असं सरळ म्हटलं की बहुतेक परीक्षकांचाही जीव भांड्यात पडतो. आणि ‘बांधी’ला बांधीच म्हणावं. ‘राइस प्लॉट’ म्हटल्याने संशोधन मोठं होत नाही. उलट मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, किंवा तलावात माजलेलं बेशरमाचं तण यांसारखे शब्द आले की हे काम पुस्तकात बसून केलेलं नाही, एवढं ऐकणाऱ्याला कळतं. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. पक्ष्यांची आणि झाडांची स्थानिक नावं त्यांनी जिव्हाळ्याने गोळा केली. शास्त्रीय नाव कंसात द्यावं, स्थानिक नाव कंसाबाहेर.

प्रवासाचीही तयारी लागते. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरपर्यंत जाते, म्हणजे परिषद शिवाजी विद्यापीठात असेल तर पोस्टरला अख्खं राज्य ओलांडावं लागतं. घडी घातलेल्या फ्लेक्सवर पांढऱ्या भेगा पडतात आणि त्या नेमक्या आलेखावर येतात. गुंडाळी करावी, छापलेली बाजू बाहेर ठेवून, म्हणजे लावल्यावर कडा आत वळत नाहीत. नळाचं काम करणाऱ्याकडून पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा घेतला, दोन टोकांना प्लास्टिक बांधलं की झालं. बरोबर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, सुतळी आणि चार टाचण्या. आयोजक देतील या भरवशावर राहू नये.

परिषद संपली की बहुतेक पोस्टरं वसतिगृहात कपाटावर जातात किंवा पावसाळ्यात स्कूटरवर पांघरली जातात. सारसाच्या पोस्टरने परसवाड्याला परत यावं असं मला वाटतं. ज्या बांधीत ती नोंद झाली, त्या बांधीचा मालक तिथून अर्ध्या मैलावर राहतो. नागपूरच्या परीक्षकाला जे दोन मिनिटांत सांगितलं ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गावासाठी वेगळी प्रत काढावी, कापडावर. संदर्भ, पद्धती, विद्यापीठाचं बोधचिन्ह सगळं गाळावं, अक्षर आणखी मोठं करावं, आणि ती जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावी. तळाशी दोन वीत जागा कोरी सोडावी, वर ‘सारस कधी दिसला, किती दिसले’ एवढंच लिहावं, आणि शेजारी दोरीने पेन बांधून ठेवावा.